हेल्दी फॅमिली बॉक्स मागवला आणि महिनाभर मका खाल्ला

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. असे बॉक्स विकणारे आता चिक्कार झालेत, इन्स्टावर दर तिसरी जाहिरात त्यांचीच असते, त्यामुळे नावापेक्षा आत काय निघालं ते वाचा, तुमच्याकडे येतो त्या बॉक्सलाही बऱ्यापैकी लागू पडेल. माझं रेटिंग पाचपैकी दोन. त्यातला एक अख्खा डिलिव्हरीवाल्या दादाचा.

तर झालं असं, गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली. आम्ही कोलशेतला राहतो, मी साडेआठला घर सोडून ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडते ऐरोलीला, नवरा पवईला, घरी सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आणि नऊ वर्षांची लेक. रोज सकाळी छोट्या सुट्टीचा डबा काय, मोठ्या सुट्टीचा काय, संध्याकाळी भूक लागली की काय, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा होते तेवढ्या चर्चेत एखादा उड्डाणपूल बांधून झाला असता (आमच्या घोडबंदरला नाही, बाकी कुठेही). त्यात ती जाहिरात दिसली. मैदा नाही, रिफाइन्ड साखर नाही, पामतेल नाही, अख्ख्या कुटुंबासाठी दर शनिवारी एक बॉक्स, ११९९ रुपये, चार बॉक्सचे मिळून ४७९६. महाग वाटलं पण म्हटलं बाहेरचं अरबट चरबट खाण्यात एवढे जातातच की.

डिलिव्हरीबद्दल तक्रार शून्य. दुसऱ्या शनिवारी माजिवड्याला गुडघाभर पाणी होतं तरी दादा साडेनऊला दारात, बॉक्स स्वतःच्या रेनकोटमध्ये गुंडाळलेला आणि स्वतः चिंब. आईंनी त्याला जबरदस्तीने चहा पाजला. पॅकिंग पण झकास, पुठ्ठ्याचा बॉक्स, आत गवत, वर हाताने लिहिल्यासारखं छापलेलं पत्र. माझ्या लेकीने पत्र जपून ठेवलंय, तिला खरंच वाटलं कोणीतरी तिला लिहिलंय.

पहिल्या बॉक्समध्ये तेरा पाकिटं. बीटरूट नाचणी पफ्स, मल्टिग्रेन नूडल्स, रागी चॉको फ्लेक्स, पालक सूप, टोमॅटो सूप, क्विनोआ नाचोज, मिलेट पॅनकेकचं पीठ, ग्लुटेन-फ्री बिस्किटं, पीनट बटर, खजुराचे बार, शेंगदाणा चिक्की, ज्वारीचे पोहे आणि फळांचा म्हणून एक जाम. ओट्यावर मांडलं तर रुखवतासारखं दिसत होतं. आम्ही फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, नणंदेचा लगेच मेसेज, लिंक पाठव.

पहिली शंका आईंना आली. त्या खाण्याच्या बाबतीत फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी पफ्स खाल्ले, नाचोज खाल्ले, मग बिस्किट खाल्लं आणि म्हणाल्या, "सगळं एकच लागतंय गं, वरचा मसाला तेवढा वेगळा." मी म्हटलं आई, हे नाचणीचं आहे, हे क्विनोआचं आहे. तर म्हणाल्या, "मैदा काढला ते लिहिलंय मोठ्या अक्षरात. त्या जागी काय घातलं ते कुठे लिहिलंय?"

ते लिहिलेलं असतंच. पाकिटाच्या मागे, घडीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, पांढऱ्यावर फिकट पिवळं. मोबाईलचा कॅमेरा लावून झूम करून वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी, हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियमच आहे. बीटरूट नाचणी पफ्सची यादी अशी होती: मक्याचा रवा ५८ टक्के, तांदळाचं पीठ, तेल, मसाला (त्यात मॉल्टोडेक्स्ट्रिन, मीठ, चीज पावडर वगैरे), मग नाचणीचं पीठ ६ टक्के, आणि सगळ्यात शेवटी बीट पावडर दीड टक्का. म्हणजे ज्या दोघींचं नाव पाकिटावर आणि फोटोपण पाकिटावर, त्या दोघी मिळून साडेसात टक्के, आणि जो निम्म्याहून जास्त आहे त्याचा पुढच्या बाजूला साधा उल्लेख नाही.

मग काय, लागलीच सगळी पाकिटं उलटी केली. नाचोजमध्ये मका पहिला (ते ठीक आहे, नाचोज मुळात मक्याचेच असतात, पण मग क्विनोआ ३ टक्के घालून नाव कशाला). सूपमध्ये कॉर्नस्टार्च पहिला, मग मीठ, मॉल्टोडेक्स्ट्रिन, आणि पालक पावडर पार खाली, तीन टक्के. चॉको फ्लेक्समध्ये मक्याचा रवा आणि माल्ट. बिस्किटांत ग्लुटेन नाही म्हणजे गहू नाही म्हणजे कॉर्नस्टार्च. जाममध्ये लिक्विड ग्लुकोज. पॅनकेकच्या पिठात पुन्हा स्टार्च. चिक्की, पोहे, पीनट बटर आणि खजूर बार या चारांत मात्र खरंच नव्हता, ते आधीच सांगते, नाहीतर म्हणाल नुसती बोंब मारते.

चार आठवड्यांची मिळून ५३ पाकिटं झाली. त्यातल्या ३१ वर मका किंवा कॉर्न असं स्पष्ट लिहिलेलं. आणखी ९ वर नुसतं स्टार्च, मॉल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोज होतं, ती मी मोजली नाहीत, कारण हे सगळं टॅपिओकापासून म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदापासून पण बनतं, उगाच आरोप नको. नवरा म्हणाला तू इन्कम टॅक्समध्ये का नाही गेलीस.

आता मॉल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय बला हे मलाही नीट माहीत नव्हतं, तेव्हा शोधून वाचलं, आणि समजलं ते आईंच्या कुरडयांमुळे. आपण कुरडयांना गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो, खाली बसतो तो चीक. तसाच मक्याचा चीक काढायचे मोठे कारखाने असतात. दाणे कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजत घालतात, पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो, मग दळून अंकुर वेगळा काढतात, त्याचं तेल निघतं, कोंडा आणि प्रथिनं जनावरांच्या खाद्यात जातात, आणि उरतो तो पांढराशुभ्र चीक, म्हणजे तुम्ही आम्ही मंचुरियनला लावतो तो कॉर्नफ्लोअर. (मक्याचं पीठ पिवळं असतं, ते वेगळं, एकदा मी त्याचं मंचुरियन करून बसलेय.) आता या चिकाला ॲसिड नाहीतर एन्झाइम लावून तोडत जायचं. थोडा तोडला की मॉल्टोडेक्स्ट्रिन, अजून तोडला की लिक्विड ग्लुकोज, पूर्ण तोडला की डेक्स्ट्रोज, त्या डेक्स्ट्रोजला हायड्रोजन जोडला की सॉर्बिटॉल, जो शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असतो आणि बऱ्याच टूथपेस्टमध्येही. म्हणजे मका खाऊन मक्यानेच दात घासायचे.

आणि हीच खरी गोम आहे. मॉल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही फारसं, कायद्याने साखरेत मोजलं जात नाही, त्यामुळे "साखर घातलेली नाही" लिहायला मोकळे. पण पोटात गेल्यावर त्याचं झटक्यात ग्लुकोजच होतं. मैदा काढला की त्याच्या जागी काहीतरी लागतं, तिथे मका. साखर काढली की भरीला काहीतरी लागतं, तिथे मका. फॅट कमी केलं की तोंडात दाटपणा यायला काहीतरी लागतं, तिथेही तोच, फक्त नाव "मॉडिफाइड स्टार्च, आयएनएस १४२२" असं काहीतरी. म्हणजे पाकिटाच्या पुढे जेवढं "नाही नाही" लिहिलेलं, तेवढा मागे मका जास्त. मी तर आता "नाही" मोजूनच अंदाज बांधते.

पफ्समध्ये नाचणी जास्त का घालत नाहीत त्यालाही कारण आहे बरं का. ते मशीन म्हणजे एक तापलेला स्क्रू, त्यात ओलसर रवा दाबत नेतात आणि बारीक भोकातून बाहेर आला की दाब सुटून एकदम फुगतो, लाहीसारखा. मक्याचा रवा मस्त फुगतो, नाचणीचा कोंडा वाढला की फुगणं कमी होतं, दडस होतं. म्हणजे नाचणी वाढवली असती तर माझ्या लेकीने पाकीट परत केलं असतं, हे मला मान्य आहे.

कस्टमर केअरला चॅटवर विचारलं, नाचणी ६ टक्के असताना नाव नाचणी पफ्स कसं? उत्तर आलं, मका हे नैसर्गिक होल ग्रेन आहे, तुमच्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे. मी लिहिलं, रव्यात अंकुर आणि साल बहुतेक काढलेली असते ना, मग होल कसं? तर म्हणे आमच्या न्यूट्रिशनिस्टशी बोला, एका कॉलचे ४९९ रुपये. इथे एक स्टार कापला.

तिसऱ्या आठवड्यात आईंचे भाऊ, म्हणजे मामा, येवल्याहून डोळे दाखवायला आले होते. ते स्वतः मका करतात, पावसाळ्यात मका, तो निघाला की कांदा, त्या भागात बरेच जण असंच करतात. ओट्यावरचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं, ५० ग्रॅम, ६५ रुपये. म्हणजे किलोला १३००. मामा म्हणाले, २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव २४०० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला २४, आणि तोही कागदावर, मार्केटला नेला की ओलावा जास्त आहे म्हणून पाडून मागतात, वर लष्करी अळीच्या फवारण्या वेगळ्या. १३०० भागिले २४, चोपन्न पट. मशीन, पाकीट, टॅक्स, हाताने लिहिल्यासारखं पत्र, सगळं धरलं तरी चोपन्न पट.

मग म्हणाले, "सूनबाई, आमचा मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला. तुम्ही पण तोच खाता, तुमचं पाकीट रंगीत एवढंच." खरंच आहे ते, आपल्या देशातल्या मक्याचा सगळ्यात मोठा वाटा कोंबडीखाद्यात जातो, अंड्याचा बलक पिवळाधमक असतो तो बराचसा त्या पिवळ्या मक्यामुळेच, म्हणजे रविवारचं चिकन आणि बुधवारची भुर्जी पण हिशोबात धरायला हवी होती. आणि आता वर इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळतात ना, त्यासाठीही मका भरभरून जातो. मामा माझ्या स्कूटीकडे बोट दाखवून म्हणाले हीसुद्धा तेच पिते.

अमेरिकेत हे आपल्या कितीतरी आधी झालं. तिथे साखर बाहेरून आणण्यावर कोटा, त्यामुळे ती महाग, आणि मका ढिगाने, म्हणून तिथल्या कोल्ड्रिंकवाल्यांनी १९८० च्या दशकात साखर सोडून मक्याचं फ्रुक्टोजवालं सिरप घातलं. आपल्याकडे ऊस आहे आणि ऊसवाले काय चीज आहेत ते महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको, त्यामुळे आपल्या कोल्ड्रिंकमध्ये साखरच असते. मक्याला आपल्या घरात शिरायला दुसरा दरवाजा शोधावा लागला, तो हेल्दीचा.

एक गंमत सांगते. तिकडे माणसाच्या केसातला कार्बन तपासून त्याने मक्याचं किती खाल्लं याचा अंदाज काढतात, कारण मका कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतो, सी-फोर म्हणतात त्या प्रकाराने, आणि गहू-तांदूळ दुसऱ्या. नवरा लगेच म्हणाला आपले केस पाठवू. पण आपल्याकडे ही टेस्ट फसणार, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि ऊस हे सगळे पण सी-फोरच. आईंनी जन्मभर भाकरी आणि गूळ खाल्लाय आणि नातीने महिनाभर पफ्स, केस दोघींचे सारखेच यायचे. प्रयोगशाळेला फरक कळणार नाही, आईंना एका घासात कळला.

मका मला आवडत नाही असं कोणी समजू नका हं. पावसात उपवनला जाऊन कोळशावर भाजलेलं कणीस, अर्ध्या लिंबाने तिखट-मीठ फासलेलं, दातात अडकणारं, ते मी आठवड्यातून दोनदा खाऊ शकते. दिवाळीत मक्याच्या पोह्यांचा चिवडा आमच्याकडे पातळ पोह्यांच्या आधी संपतो. तिथे तो स्वतःच्या नावाने येतो. आणि कॉर्नफ्लेक्सही नवीन नाहीत आम्हाला, केलॉग्ज १९९४ ला भारतात आलं तेव्हा कारखाना आपल्या तळोज्यालाच टाकला होता, आमच्या घरी पहिला खोका आला तेव्हा आईने, माझ्या आईने, सवयीप्रमाणे उकळतं दूध ओतलं आणि दोन मिनिटांत त्याची पेज झाली. वडील म्हणाले पेजच खायची तर तांदळाची काय वाईट. पण खोक्यावर कॉर्न लिहिलेलं होतं, आत कॉर्न होता, फसवणूक नव्हती.

खरा त्रास झाला तो चौथ्या आठवड्यात. लेकीने भाकरी नको म्हटलं. आधी आवडीने खायची, तूप-गूळ लावून. म्हणाली कुरकुरीत नाहीये आणि वर काही टेस्ट पण नाहीये. डब्यातली पोळी-भाजी तशीच परत, पफ्स मात्र वर्गात वाटून संपवलेले, आणि मैत्रिणीही आता मागायला लागलेल्या. आई काही बोलल्या नाहीत, ती भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. मी त्याच रात्री सबस्क्रिप्शन बंद करायला बसले.

बंद करायचं बटण सापडायला पंचवीस मिनिटं गेली. आधी "पॉज करा", मग "तुम्हाला खरंच जायचंय का", मग २० टक्के सूट, मग कारण निवडा, कारणांमध्ये "मका" नव्हतं, मी "इतर" निवडलं. एवढं करून पाचवा बॉक्स आलाच, खात्यातून ११९९ कापलेलेच, ते परत मिळायला नऊ दिवस आणि चार मेल. दुसरा स्टार इथे गेला. तिसरा भाकरीचा.

सध्या डब्याचं असं चाललंय: आई महिन्यातून एकदा रिक्षाने जांभळी नाक्याला जातात, ज्वारी, नाचणी, शेंगदाणे, मूग घेतात, दळण सोसायटीच्या मागच्या गिरणीत. पहिल्या महिन्याचं बिल १८६० झालं, त्यातलं अर्धं सामान अजून शिल्लक आहे. वेळ जास्त जातो, खोटं कशाला सांगू, आणि तो वेळ आईंचा जातो, माझा नाही, हे पण लिहिते. ज्यांच्या घरी अशी आई नाही त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगणार की गिरणीत जा. त्यांनी निदान पाकीट उलटं करून पहिली तीन नावं वाचावीत, दहा सेकंद लागतात, चष्मा जवळ ठेवा.

पाचव्या बॉक्समधले पफ्स आणि नाचोज वाया घालवायचे नव्हते, म्हणून आईंनी एका शनिवारी सगळं चुरलं, त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, चिंचेची चटणी, शेव घातली आणि सोसायटीतल्या पोरांना बोलावलं. दहा मिनिटांत पातेलं साफ. एका पोराने विचारलं, "आजी, ही कसली भेळ?" आई म्हणाल्या, "मक्याची." पोरगं म्हणालं मग उद्या पण करा.

चिक्की मात्र खरंच चांगली होती, शेंगदाणे आणि गूळ, बास. ती सुटी मिळेल का म्हणून मेल टाकलाय, बॉक्सशिवाय देत नाही असं उत्तर आलंय, परत विचारलंय. काही कळलं तर इथेच खाली टाकते.